वालाचा फोटो

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो, ही माझी जुनी खोड. म्हणून मुद्द्याचं आधीच लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. सात वर्षांपूर्वी एका माणसाच्या बायकोचा फोटो माझ्या हातून गेला. त्याच्याकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. आणि तो विचारायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, "तुमचं कार्ड खराब होतं."

कार्ड खराब नव्हतं.

कर्जतच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि कुणी गेलं की हार घालायचा फोटो. तो माणूस माझा गिऱ्हाईक. नाव लिहीत नाही. भिसेगावातले लोक वाचतील तर दोन ओळींत ओळखतील, पण निदान माझ्या हातून ते लिहिलं जायला नको. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी मला गेल्या वीस वर्षांत एकदाही नावानं हाक मारलेली नाही. पायरीवर चपला काढता काढता विचारतात, "काय रं स्टुडिओ, पाणी हाय का तुज्या धबधब्याला?"

धबधबा म्हणजे माझ्या मागच्या भिंतीवरचा पडदा. हिरवे डोंगर, निळं पाणी, कोपऱ्यात दोन बदकं. लोक त्याच्यापुढे बसून फोटो काढून घेतात. काकांना त्या पडद्याचा भारी राग. "आपल्या दारात एवढा डोंगर हाय," ते माथेरानच्या बाजूला हात करून म्हणायचे, "आन् माणसं पैसे देऊन कापडापुढं बसतात. बदकं कुठली रं ही? आपल्याकडं बदकं कुणी पाळली?"

भिवपुरीच्या वीजकेंद्रात ते ऑपरेटर होते. सगळी नोकरी तिथल्या क्वार्टर्समध्ये राहून झाली, निवृत्त झाल्यावर भिसेगावात घर बांधलं. केंद्रात त्यांचं काम दर तासाला यंत्रांचे आकडे वहीत उतरवायचं. शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा: सर्व ठीक. फोटो काढायचं खूळ कसं लागलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बत्तीस वरसं मी दर तासाला 'सर्व ठीक' लिवलं. मशीनचं. त्यातच एक दिवस घरी आलो, तर ही चुलीपाशी, पोरगा गणितं करतोय, मांजर वळचणीला. मी बोललो, अरे, इथंपण सर्व ठीक हाय की. मंग ह्याची नोंद कोण ठेवणार?"

म्हणून ते नोंद ठेवत. त्यांच्या प्रत्येक छापील फोटोच्या मागे पेन्सिलीनं नोंद असायची, वहीतल्यासारखीच. सकाळ १०.४०. ढग. तांदूळ निवडताना. सर्व ठीक. दुपार २.१५. वारा. पोराला पहिल्यांदा दाढी करताना कापलं. सर्व ठीक. पेन्सिलच का, तर शाई पसरते.

आधी त्यांच्याकडे रोलचा कॅमेरा होता, मग मुलानं छोटा डिजिटल घेऊन दिला. कॅमेरा ते काकूंनी विणलेल्या कानटोपीत गुंडाळून आणायचे. त्यातलं कार्ड मात्र वेगळं, रोलच्या जुन्या काळ्या डबीत. डबीत मूठभर तांदूळ. ओल लागू नये म्हणून मिठात तांदूळ घालतात, मग कार्डाला का नको, असा हिशेब. माझ्या काउंटरवर ते डबी उपडी करायचे आणि मी तांदळातून कार्ड वेचून घ्यायचो. मुलगा खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर. तो सांगून थकला, "बाबा, कार्ड जुनं झालंय, बदला." काका म्हणायचे, "चालतंय तवर चालू दे. तुजा बाप जुना झाला, त्याला बदललास का?"

"हसा" असं ते कुणालाच सांगत नसत. माणसाचे हात कामात असले तरच बटण दाबायचे. हात रिकामे झाले की माणूस तोंडाचं काय करायचं ते विसरतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पडद्यापुढे बसलेल्या गिऱ्हाइकांकडे ते स्टुलावर बसून बघत राहायचे आणि अगदी हळू विचारायचे, "मावशी, मटार किती किलो झालेत आज?" मावशी वळून सांगायला लागायची, की मला म्हणायचे, "घे, घे आता!" पासपोर्टच्या फोटोत वळलेली मान चालत नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल.

त्यांच्या मेव्हण्याच्या, म्हणजे काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न पोशीरला होतं. घरातला माणूस, कॅमेरा बाळगणारा, म्हणून त्यांनाही फोटो काढायला सांगितलेलं. चार दिवसांनी कार्ड घेऊन आले. मी बघितलं तर अकरा फोटो. गाद्यांच्या ढिगावर झोपलेल्या तीन आत्या. भाताच्या टोपात फावडं घालणारा आचारी. मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच जिलबी खाणारा मेव्हणा, फेटा कानावर आलेला, वऱ्हाड गेलेलं. नवरानवरीचा एकही नाही.

"काका, नवरी कुठंय?"

"तिला काय, पन्नास जण काढत होते."

मेव्हणा सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. आणि तीन वर्षांनी तोच मेव्हणा गेला. त्याच्या मुली हार घालायचा फोटो करून घ्यायला माझ्याकडे आल्या. पिशवीभर फोटो आणलेले. सगळ्यांत तो छाती काढून, श्वास कोंडून उभा. थोरली ते चाळता चाळता रडायला लागली. "हे बाबा नाहीतच," म्हणाली. "तो जिलबीवाला कुठाय?"

तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. मी काढला आणि सवयीनं म्हणालो, "ताई, जिलबी काढून टाकतो, मागे निळा रंग देतो, कोट घालतो. छान होईल." आमच्या धंद्यात असंच करतात. ज्यानं जन्मात कोट शिवला नाही, त्याला गेल्यावर आम्ही कोट चढवतो. कॉम्प्युटरमध्ये कोट तयारच असतात, चार रंगांत. मान तेवढी बसवायची.

काका मागे उभे होते. म्हणाले, "जिलबी काढलीस तर माणूसच निघून जाईल रं."

आज पोशीरला त्या घरात हार घातलेला फोटो आहे आणि फोटोतल्या माणसाच्या हातात अर्धी जिलबी आहे. लोक जाऊन बघतात. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही. मला सगळं माहीत होतं.

काकांचा आणखी एक नियम होता, आणि सगळा घोटाळा त्या नियमातून झाला. ते फोटो लगेच छापत नसत. "मुरू दे," म्हणायचे. कार्डातले फोटो मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचे, कार्ड पुसून त्यांना परत द्यायचं. 'पाटी कोरी कर' हा त्यांचा शब्द. मग दिवाळीच्या आधी एक दिवस ते येऊन बसायचे आणि स्क्रीनकडे पाठ करून आठवून आठवून सांगायचे, "ओवी बादलीत बसलेली. हिच्या केसाला पीठ लागलेला. शेजारच्या भाऊंची सायकल." न बघता जेवढे आठवले तेवढेच छापायचे. बाकीचे गेले. त्यांच्या नावाच्या फोल्डरला मी नाव दिलं होतं 'मुरतंय'. ओवी म्हणजे त्यांची नात, तेव्हा आठ वर्षांची.

तो फोटो त्यांनी मला कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर दाखवला तेव्हा ते आनंदानं जागच्या जागी हलत होते. उन्हाळ्याची दुपार. घरात बिरडं करायचं होतं, म्हणून मोड आलेले वाल परातीत कोमट पाण्यात घातलेले, आणि काकू, सून आणि ओवी तिघी फरशीवर बसून सोलत होत्या. वाल चिमटीत दाबला की सालातून डाळिंबी सुटते, आणि नीट धरला नाही तर उडते. ओवीच्या कपाळावर एक बसली. ती किंचाळली. काका एका हातात कॅमेरा धरून उभे. काकू त्यांच्याकडे बघून काय म्हणाल्या ते काकांनी मला काकूंच्याच आवाजात करून दाखवलं. "तो दुसरा हात मोकळा हाय ना? मंग घ्या, सोला! फोटो काढून बिरडं व्हतंय व्हय?" आणि त्यांनी ओंजळभर वाल काकांच्या डाव्या हातावर ठेवले. त्या क्षणी त्यांनी उजव्या हातानं बटण दाबलं.

फोटोत काकू मान वर करून हसतायत. त्यांचा हात पुढे आलेला, वाल घरंगळतायत. ओवी, परात, सुनेचा खांदा. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, कुठून आला कळू नये असा, एक म्हातारा पंजा.

त्या दिवशी मी तो पंजा नीट बघितला नाही. मी हसलो, फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतले, कार्ड पुसलं, तांदळात टाकलं. ते म्हणाले, "हा आठवायची गरज नाय मला. पण नियम तो नियम. मुरू दे."

त्यानंतर त्या कार्डावर एकही फोटो काढला गेला नाही. आठवड्याच्या आत काकूंना ताप आला, तो उतरेना. पनवेलला नेलं. तीन आठवड्यांत त्या गेल्या.

मुलाचा फोन आला. आवाज बसलेला. "भाऊ, आईचा फोटो करून द्या. बाबांना आत्ता काही विचारू नका, ते बोलत नाहीयेत. तो वालाचा आहे ना तुमच्याकडे, त्यात चेहरा चांगला आलाय. जरा व्यवस्थित करा. कारखान्यातले साहेब लोक भेटायला येणार आहेत."

आमच्या कामात पहिली शिकवण एकच असते. आधी प्रत काढायची, मग कात्री लावायची. मी ती नवख्यांना शिकवत आलोय. त्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. खाली शुभेच्छुकांचे चाळीस-पन्नास चेहरे, आणि एकाचा चेहरा राहिला म्हणून त्याचा दर दहा मिनिटांनी फोन. एका खिडकीत ते सगळे शुभेच्छुक, दुसऱ्या खिडकीत काकू. मी ओवीला काढलं. परात काढली. सुनेचा खांदा काढला. कोपऱ्यातला तो हात मध्ये येत होता, तोही काढला. मागे निळा रंग भरला, कपाळावरची बट सरळ केली, पदर खांद्यावर नीट घेतला. मग शुभेच्छुकाचा फोन वाजला. मी तो घेत घेत डाव्या हातानं सेव्ह केलं आणि खिडकी बंद केली. प्रत काढली नव्हती.

फोटो सगळ्यांना आवडला. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "अगदी बोलतील असं वाटतं." तेराव्याला मी गेलो. काका भिंतीला टेकून फोटोकडे बघत बसले होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "हात कुठाय?"

मला वाटलं, काकूंचे जोडलेले हात विचारतायत. मी म्हणालो, "काका, अशा फोटोत चेहराच घेतात."

ते पुन्हा फोटोकडे बघायला लागले.

आठवड्यानं दुकानात आले. पायरीवर धबधब्याचं विचारलं नाही. स्टुलावर बसून म्हणाले, "तो आख्खा फोटो छापून दे. ह्या वर्षी मुरायला नको."

मी फोल्डर उघडलं. वालाचा फोटो उघडला. निळा उघडला. मी पुन्हा उघडला, पुन्हा निळा. कचऱ्याच्या डब्यात शोधलं, जुन्या सीडींत शोधलं. माझ्या कानात उन्हाळ्यात पंखा बंद पडल्यावर होते तशी शांतता झाली. ते म्हणत होते, "त्यात माजा हात हाय. एवढे फोटो काढले, पण माजा आन् तिचा असा दोघांचा तेवढाच. मी नेहमी ह्या बाजूला ना रं." त्यांनी कॅमेरा धरल्यासारखे हात डोळ्यांपुढे धरून दाखवले. "तिनं त्या दिवशी मला आत ओढला."

तेव्हा मला त्या पंज्याचा अर्थ कळला.

मी सांगू शकत होतो. ते ओरडले असते. कदाचित ओरडलेही नसते. पण मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "काका, कसं सांगू तुम्हाला. तुमच्या कार्डावरून ती फाईल अर्धीच उतरली होती. खालचा सगळा भाग राखाडी. कार्ड खराब झालं असणार. चेहरा वाचला, तेवढा वापरला."

एवढं सफाईदार खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. राखाडी भाग वगैरे मला कुठून सुचलं, माहीत नाही. खराब फाईल तशीच दिसते, एवढं खरं.

त्यांनी खिशातून डबी काढली. कानाशी नेऊन हलवली. आतले तांदूळ वाजले. "पोरगा दोनदा बोलला," ते म्हणाले. "मीच हट्ट केला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कशाला तोंड पाडतोस? तुज्याकडून काय झालं? तू निदान चेहरा वाचवलास."

आणि जाताना माझ्या पाठीवर थोपटलं.

त्यानंतर त्यांनी फोटो काढला नाही. घरच्यांनी नवं कार्ड आणून दिलं, ते पाकिटातच आहे. "नोंद बंद," एवढंच म्हणतात. कॅमेरा कानटोपीत, कानटोपी कपाटात. पण दुकानात येणं सुटलं नाही. सकाळी बाजारात आले की अर्धा तास स्टुलावर बसतात, पेपर वाचतात, पडद्याची थट्टा करतात. आणि कुणी फोटो छापायला आलं की त्यांना सांगतात. "ताई, कार्ड बदललंत का? वेळेवर बदला. मी हट्ट केला आन् बायको घालवली." लोक ओशाळं हसतात. कुणी विचारलं तर पूर्ण गोष्ट सांगतात. राखाडी भागासकट. आणि शेवटी माझ्याकडे बोट करतात, "ह्या स्टुडिओला विचारा. ह्यानं बगितलाय."

मी मान हलवतो. सात वर्षं मी मान हलवतोय. कटर चालवता चालवता, लॅमिनेशन करता करता. काही गिऱ्हाइकांनी त्यांचं ऐकून खरोखर नवी कार्डं घेतली, माझ्याकडूनच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एका लग्नाचं कार्ड चुकून पुसलं गेलं. बदलापूरच्या एका ओळखीच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "घाबरतोस काय, त्यावर नवीन काही काढू नकोस. पुसलेलं लगेच जात नाही, वरचं नाव फक्त जातं." त्यानं एक सॉफ्टवेअर सांगितलं. तासाभरात हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न परत आलं. बाकी कुणीही असता तर त्यानं पेढे वाटले असते. मी खुर्चीत बसून राहिलो. मला ती डबी आठवत होती.

पुसलेलं कार्ड. त्यावर नंतर एकही फोटो काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "काका, ते जुनं कार्ड फेकलंत का हो?"

"फेकतोय कशाला? देव्हाऱ्याच्या खणात हाय. दर वर्षी नवे तांदूळ घालतो."

"खराब कार्ड कशाला ठेवायचं?"

"अर्धी तरी हाय ना ती त्यात."

मी म्हणालो, "द्या एकदा माझ्याकडे. आता नवीन मशीन आलंय, बघतो प्रयत्न करून."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, तेही लिहितो. फोटो मिळाला असता तर मी तो छापून त्यांच्या हातात ठेवला असता, आणि ते मला म्हणाले असते, तू माणूस लाख मोलाचा. खोटं तसंच राहिलं असतं आणि वर शाबासकी मिळाली असती. ही युक्ती मला आवडली होती. लाज वाटते ती त्याची.

पण काकांनी मान हलवली. "नको रं. बिघडलेलं कार्ड तुज्या मशीनात घालू नको. त्यात लोकांचे फोटो हायत. माज्यापायी आणखी कुणाचं जायला नको."

मी पुन्हा मागितलं. ते पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी जरब आली. "एकदा झालं ना. आता तिला तिथं निवांत असू दे."

म्हणजे कार्ड बाहेर काढायचा रस्ता एकच आहे. ते चांगलं आहे असं त्यांना सांगायचं. आणि ते सांगितलं की मग पुढचंही सांगावं लागतं.

या गणपतीच्या आधी साफसफाई करताना काकूंच्या तसबिरीला काठीचा धक्का लागला. ओवी तसबीर घेऊन दुकानात आली. ती आता दहावीत आहे, आजोबांच्या दुप्पट उंच वाटते. "काका, काच बदलून द्या. आजोबा खाली रिक्षात बसलेत, लवकर." मी मागच्या खिळ्या काढल्या, पुठ्ठा उचलला. फोटो उलटा माझ्या हातात आला. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

दुपार ४.१०. उकाडा. वाल सोलताना. हात माझा, तो आला नाही. कार्ड माझ्या हट्टाने खराब.

शेवटचा शेरा मी शोधला. उजेडात धरून तिरका करून बघितला. 'सर्व ठीक' कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या फोटोमागे ते दोन शब्द नाहीत असं मी पहिल्यांदा बघत होतो.

ओवी म्हणाली, "काय बघताय?"

"काही नाही. अक्षर छान आहे आजोबांचं."

"आम्हाला आईनं सांगितलंय, ते वाचलं तरी त्यांच्यापुढं विषय काढायचा नाही." मग काउंटरवरच्या खिळ्या एका ओळीत लावता लावता म्हणाली, "मला तो फोटो आठवतो, माहितीय? माझ्या कपाळावर वाल बसलेला. आजी बोलली, उभी राहू नको गं, दृष्ट लागंल बिरड्याला. त्यात आजोबांचा हात होता. मी आजोबांना सांगते, मला आठवतो म्हणजे तो मुरलाय. तर ते हसतात आणि उठून जातात."

मी नवी काच बसवली. खिळ्या ठोकताना एक वाकडी गेली, ती काढून पुन्हा ठोकली. तसबीर कागदात गुंडाळून मी स्वतः रिक्षापर्यंत नेऊन दिली. काकांनी ती मांडीवर उभी धरली, पाण्याचा टोप धरतात तशी. वय झालंय आता. मान थोडी हलते. "काय रं," म्हणाले, "आज दुकान सोडून रस्त्यावर? धबधबा आटला काय?"

मी म्हणालो, "काका." पुढे बोलायचं होतं. रिक्षावाल्यानं किक मारली. मी म्हणालो, "सांभाळून जा."

हे लिहून झालं की उठून भिसेगावला जाणार आहे, असं लिहायचा मोह होतोय. पण असं मी याआधी पुष्कळदा ठरवलंय, म्हणून लिहीत नाही. एवढं मात्र नक्की की हे मी आज संध्याकाळी बायकोला वाचायला देणार आहे, आणि तिला कळल्यावर मला घरात बसता येणार नाही. मी तिला ओळखतो.

फोटो परत येईलच असं नाही. सात वर्षं झाली, आणि अशी कार्डं पडून पडून आपोआपही कोरी होतात, असं तो बदलापूरचा माणूस म्हणाला. आला तर त्यांचा हात त्यांना मिळेल. नाही आला तरी त्या फोटोमागची शेवटची ओळ खोटी आहे, हे त्यांना माझ्याकडून कळायला हवं. ते ऐशीला आले आहेत आणि रोज सकाळी माझ्याच दुकानात बसून माझ्या चुकीबद्दल स्वतःला बोल लावतायत.

त्यांचं माझ्याकडे एवढंच राहिलंय. त्यांच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, काका, कार्ड चांगलं आहे. फोटो मी घालवला.